नव्वद अंश, सहा मिनिटं

घमापुर, जबलपूर
२४ सप्टेंबर २०११

चि. विभावरी,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो, कारण शेवटी कागद पुरत नाही आणि मग सगळे म्हणतात श्रीपादकाका हातचं राखून लिहितो.

ओळखलंस ना? तुझ्या बाबांचा, रामरावचा, चुलतभाऊ. जबलपूरवाला. आमच्या शैलेंद्रच्या लग्नात तू आठ वर्षांची होतीस आणि खोव्याच्या जिलेबीच्या पाकात कोपरापर्यंत हात घातला होतास. तो हात मी धुतला होता. तेव्हा आता माझं काम करणं तुला भाग आहे.

फोन काहून नाही केला म्हणशील. अगं, मी चौतीस वर्षं कारखान्याच्या भट्टीवर होतो आणि शेजारच्याच शेडमध्ये घण पडायचा. कानात काय उरणार? फोनवर मी नुसता अच्छा अच्छा करत राहतो आणि लोक समजतात काकांना पटलं. आणि गंमत पाहा, कान गेले पण घण काही गेला नाही. हल्ली रात्री उशीला डोकं लावलं की अंगात हळू धप् धप् होऊन राहतं. तुझी काकू म्हणते वहम आहे. असेल. चौतीस वर्षं काय एकदम जातात का?

चलो, मुद्द्यावर येतो. शैलेंद्रची मुलगी वसुधा, आमची वसू, आता अठरा वर्षांची आहे. शैलेंद्रची रेल्वेची नोकरी, आज या स्टेशनात, उद्या त्या. म्हणून ती शिकायला आमच्याकडे असते. खो-खोमध्ये अशी पळायची की पाहणाऱ्याची मान दुखावी. वर्षभरापासून तिचा उजवा पाय दुखून राहिला आहे, नडगी, गुडघ्याच्या चार बोटं खाली. दिवसा जरा कमी, रात्री फार. खो-खो सुटलं. सकाळी कॉलेजच्या वेळेला उठवत नाही. मी म्हणालो नाटक करून राहिली आहे, अभ्यास नको म्हणून. विभावरी, हे मी म्हणालो. एकदा नाही, दहादा. वरून मिठाच्या पुरचुंडीने शेक द्यायला लावला. त्याने आणखीच दुखायचं, तर म्हणालो सहन करायला शीक.

ऑगस्टमध्ये विजय नगरच्या डॉक्टर इंदिराजींनी मोठं स्कॅन काढलं. हाडात वाटाण्याएवढी गाठ निघाली. कॅन्सर नाही, साधी आहे, पण ठणका तिचाच. त्या म्हणतात, हाडात सुई घालू, सुईचं टोक नव्वद अंशांवर सहा मिनिटं ठेवू, गाठ आतल्या आत जळेल. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, दहा तारखेला, त्या सुईचं मशीन नागपूरहून येतं. हो की नाही ते आधी सांगायचं.

आणि शैलेंद्र काय म्हणाला? "बाबा, उष्णतेतलं तुम्हाला कळतं, तुम्ही ठरवा."

कळतं ना! म्हणूनच तर घाबरलो. जास्त तापलेलं पोलाद मी आयुष्यभर भंगारात टाकलं आहे. एकदा जळालं की ते कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. आणि इथे पोलाद नाही, आमची पोरगी आहे. तुझी आई विनतावहिनी म्हणाली की तू पुण्याला कंप्युटरमध्ये हाड तापवून पाहतेस. हे खरं असेल तर सांग, नव्वद अंशांनी वसूच्या हाडाचं काय होईल?

तुझा,
श्रीपादकाका


पुणे
१ ऑक्टोबर २०११

प्रिय श्रीपादकाका,

जिलेबीचा पाक मला आठवत नाही, पण आईने शपथेवर सांगितलं की खरं आहे. तेव्हा कामाला हजर.

काका, तुमचं पत्र हातात घेऊन मी प्रयोगशाळेत नाचायची बाकी होते. साडेतीन वर्षं मी हाडातल्या साध्या गाठी उष्णतेने मारण्यावर काम करते आहे आणि आजपर्यंत ते दोघांनी वाचलं: माझ्या सरांनी आणि आईने. आईने शुद्धलेखनासाठी वाचलं. जिवंत माणसाने येऊन "माझ्या नातीचं सांग" म्हणायची ही पहिलीच वेळ.

मी काय करते ते सांगते. स्कॅनमधून हाडाचा आकार घेते आणि कंप्युटरमध्ये त्याचे सहा-सात लाख बारीक तुकडे करते. मग एका ठिकाणी सुई ठेवते आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब मांडते. शेजारचा एवढा तापला, तर हा किती तापेल? रक्त वाहतंय, ते किती उष्णता घेऊन जाईल? असं सेकंदासेकंदाला. शेवटी रंगीत चित्र निघतं. कुठे किती अंश, कुठली पेशी मेली, कुठली वाचली. खऱ्या हाडाला हात न लावता.

पेशी पोलादासारख्या दणकट नसतात. पन्नास अंशांवर काही मिनिटं ठेवल्या की मरतात. म्हणून नव्वद अंश फक्त सुईच्या टोकाशी. बोटभर लांब गेलं की हाडाला काही कळतसुद्धा नाही. आणि मेलेल्या गाठीच्या जागी पुढे नवं हाड भरतं. तुमच्या पोलादाला हे जमत नाही.

दोन गोष्टी मात्र ऐका. शेक आजपासून बंद. आणि मी डॉक्टर नाही. माझं चित्र हा अभ्यास आहे, निर्णय डॉक्टर इंदिरांचा आणि तुमचा. स्कॅनची सीडी पाठवा, मी वसूचंच हाड मांडून पाहते.

आणि काका, तुम्ही नाटक म्हणालात ते मनाला लावून घेऊ नका. या गाठीला पकडायला भल्याभल्यांना वर्ष लागतं.

तुमची,
विभावरी


घमापुर
९ ऑक्टोबर २०११

चि. विभावरी,

शेक बंद. पुरचुंडीतलं मीठ काकूने भाजीत टाकलं, भाजी खारट झाली, ते जाऊ दे.

सीडी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. दोन दिवस उशीर झाला, कारण मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं पूजेला मांडतात: माझी मापाची व्हर्नियर, सांडशी, छिन्न्या, शैलेंद्रची जुनी सायकल. काकू म्हणाली सीडी पण ठेवा, तिच्यात वसूचा पाय आहे. ठेवली. साग्रसंगीत पूजा झाली. हत्यारं पूजेला ठेवली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, हे तुला माहीत असेलच.

आता माझे प्रश्न. भट्टीवाल्याचे प्रश्न आहेत, हसू नकोस.

आतलं तापमान मोजायला काय ठेवता? आमच्याकडे पायरोमीटर असायचा आणि त्याच्यावर मी भरवसा ठेवत नव्हतो, रंग पाहायचो. हाडाचा रंग तुम्ही कसा पाहणार?

सहा मिनिटं कोणी ठरवली?

आणि तिसरा, खरा प्रश्न. एखाद्या जॉबची, म्हणजे भट्टीत घालायच्या तुकड्याची, एक बाजू जाड आणि एक पातळ असली की उष्णता पातळ बाजूला पहिले पोचते. नडगीला हात लावून पाहा. समोर हाड आणि वर लगेच चामडी, मांस नाहीच. ही झाली पातळ बाजू. तिचं काय?

वसूने माझ्या हातातून पत्र ओढून वाचलं. म्हणते, "आजोबा, मैं जॉब हूँ क्या?" हसली. बरेच दिवसांनी हसली.

काका


पुणे
२० ऑक्टोबर २०११

प्रिय काका,

पाकीट मिळालं. काकूंना नमस्कार, त्यांनी फार काळजीने बांधलं होतं.

उत्तरं देते. सुईच्या टोकातच तापमान मोजणारी बारीक तार असते, तुमच्या पायरोमीटरचा पणतूच म्हणा. सहा मिनिटं अनेक रोग्यांच्या अनुभवातून ठरली आहेत, आणि कंप्युटरही साधारण तेवढंच सांगतो. पातळ बाजूचं म्हणाल तर चामडीपर्यंत उष्णता पोचत नाही असं दिसतंय.

सोबत रंगीत चित्र पाठवते आहे. नडगीचं हाड आडवं कापल्यासारखं दिसेल. मधला लाल ठिपका म्हणजे सुई, पिवळा गोल म्हणजे जिथे गाठ मरते ती जागा, निळं म्हणजे थंड. खाली फूटपट्टी छापली आहे.

पाहा, पिवळा गोल किती आटोपशीर आहे! घाबरण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या खूप शुभेच्छा. चिवडा पाठवणार असाल तर मी नाही म्हणणार नाही.

विभावरी


घमापुर
२ नोव्हेंबर २०११

विभावरी,

चिवडा मिळणार नाही. कारण पुढे वाच.

तुझं चित्र आलं तेव्हा घरात दुसरी दिवाळी झाली. मी ते घेऊन कमानिया गेटच्या बाजारात गेलो, लॅमिनेट करून आणलं, बैठकीत लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं, हा आमच्या वसूचा पाय, ही सुई, हे पिवळं. दूधवाल्या भैयालापण पाठ झालं. वसू स्वतः समोर उभी राहून पाहायची. सोमवारी डॉक्टरांना हो म्हणायला निघालो, चपला घातल्या.

मग काय वाटलं कोणास ठाऊक. सवय म्हण. जॉब बाहेर सोडण्याआधी मोजल्याशिवाय मी कधी सोडला नाही. व्हर्नियर काढली. तुझ्या चित्रात गाठीपासून चामडीपर्यंत फूटपट्टीप्रमाणे एकोणीस मिलिमीटर. डॉक्टरांच्या फिल्मवर पण मोजपट्टी असते. तिच्यावर आठ.

तीनदा मोजलं. चष्मा पुसून मोजलं. एकोणीस आणि आठ.

हा पाय कोणाचा आहे, विभावरी?

चपला काढून ठेवल्या आहेत. चित्र उतरवलं आहे. वसूला काय सांगू ते समजून नाही राहिलं.

श्रीपाद


पुणे
९ नोव्हेंबर २०११

काका,

पाय कोणाचाच नाही. शिकवण्यासाठी वापरतात तो नमुन्याचा पाय आहे. वसूचा नाही.

सगळं सांगते. सीडी उघडली तर चकचकीत बाजूवर तेलाचं बोट, त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि स्वस्तिकाच्या मधोमध चिकटलेल्या चार अक्षता. कंप्युटर ती बाजू वाचतो, काका. नावाची बाजू नाही. मी कापसाने पुसायला गेले तर तांदळाच्या दाण्याने चरा पडला. तरी घालून पाहिली. आत खर्रकन आवाज झाला आणि यंत्र बंद. सरांनी दार उघडून विचारलं, इथे उदबत्ती कोणी लावली?

तेव्हाच कळवायला हवं होतं. पण काकूंना वाटेल आपल्या हातून नातीचं बिघडलं, या विचाराने हात अडला. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं लाजिरवाणं आहे. पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाची वाट पाहत होतं, आणि मला रिकाम्या हाताने यायचं नव्हतं. म्हणून नमुन्याचं चित्र पाठवलं आणि ते नमुन्याचं आहे एवढंच लिहायचं टाळलं. वाटलं, नुसती कल्पना यावी म्हणून पुरेल. तुम्ही लॅमिनेट कराल असं स्वप्नात नव्हतं.

आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला मी त्याच परक्या पायावरून उत्तर दिलं. चुकलं, काका. फार चुकलं. माझ्यावर रागवा, पण माझ्यामुळे वसूची तारीख घालवू नका. स्कॅन हॉस्पिटलमध्ये असतो, दुसरी सीडी मिळते.

विभावरी


घमापुर
१५ नोव्हेंबर २०११

चि. विभावरीस,

तुझी सत्यभामाकाकू लिहिते. माझं अक्षर कोंबडीचे पाय असतात तसं आहे, सांभाळून घे.

अगं वेडे, मला सांगायचं ना! मी काय रडले असते का? थोडी रडले असते. पण मग उठून दुसरी मागवली असती. चकचकीत ती पुढची बाजू असं मला वाटलं. देवाला कधी कोणी पाठीमागून कुंकू लावतं का?

हे दोन दिवस नुसती व्हर्नियर पुसत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरीने खोटं केलं, पण विचारल्यावर पूर्ण सांगितलं. माझ्या शेडमध्ये असती तर ठेवली असती." म्हणजे राग गेला असं समज.

नवी सीडी वसूने स्वतः जाऊन आणली. या वेळी कुंकू पाकिटाला लावलं आहे, आत काही नाही. उघडून पाहा.

मला काळजी वेगळीच आहे. आधी पोरगी रात्री रडायची, मी मधल्या खोलीतून उठून जायची, गोळी द्यायची. हल्ली रडतच नाही. विचारलं तर म्हणते, बरं वाटतंय आजी. पण डोळ्यांखाली काळं झालं आहे आणि कॉलेजात वर्गात झोपते असं तिची मैत्रीण सांगून गेली. काल थंडीसाठी तिची शाल उन्हात टाकली तर मधे एका जागी विरून गेलेली. घरात उंदीर झाले बहुतेक, काही सुचत नाही बघ.

तू लवकर कर. हे नाही म्हणाले तर मी हो म्हणेन, पण यांनी म्हटलं तर पोरीला धीर येईल. आजोबांनी नाटक म्हटलेलं तिच्या मनातून गेलेलं नाही. यांच्या पण नाही.

काकू


पुणे
२४ नोव्हेंबर २०११

प्रिय काका आणि काकू,

सीडी चालली. पाच दिवस मी वसूच्या नडगीतच राहते आहे. या वेळी पाय वसूचाच आहे. सोबतच्या नव्या चित्रात गाठीपासून चामडी आठ मिलिमीटर, हवं तर व्हर्नियर लावा.

चांगली बातमी आधी. गाठ पूर्ण मरते. सहा मिनिटांत तिचा एक कोपराही वाचत नाही.

आता दुसरी. तुमची पातळ बाजू. समोरच्या चामडीचं तापमान माझ्या हिशेबात अठ्ठेचाळीस अंशांवर जातंय. म्हणजे चटका, कदाचित जखम. चार वेळा आकडे तपासले. सरांनी तपासले. तुम्ही हे ऑक्टोबरात, नडगीला नुसता हात लावून विचारलं होतंत, आणि मी लिहिलं होतं घाबरण्यासारखं काही नाही.

मी डॉक्टर इंदिरांना ईमेलने सगळं कळवलं आहे. अजून उत्तर नाही. काका, मला भीती वाटते आहे. नको म्हणा असं लिहू का, तेही कळत नाही. या वेळी कळत नाही ते कळत नाही असंच लिहिते आहे.

तुमच्या भट्टीत असं आलं तर तुम्ही काय करायचात?

विभावरी


घमापुर
२९ नोव्हेंबर २०११

चि. विभावरी,

काय करायचो म्हणजे? ओली माती!

अगं, छिन्नीची फक्त धार कडक करायची असते, दांडा नाही. मग दांड्याला ओल्या चिकणमातीचा लेप द्यायचा आणि भट्टीत घालायचं. जोपर्यंत मातीत ओल आहे, तोपर्यंत आतलं लोखंड काही तापत नाही. हे मला पहिल्या वर्षी बळीराम उस्तादांनी कानाखाली देऊन शिकवलं होतं.

तुझं पत्र वाचलं, छिन्नी घेतली, परसातली माती भिजवून दांड्याला थापली आणि तशीच पिशवीत घालून विजय नगरला गेलो. वसू बाही ओढून माझ्या कानाशी ओरडत होती, "आजोबा, प्लीज, सबके सामने नहीं!" डॉक्टर इंदिराजींच्या टेबलावर छिन्नी ठेवली. टेबलावर चिखल झाला, कंपाउंडर माझ्याकडे पाहून राहिला. मी म्हटलं, मॅडम, ही धार म्हणजे गाठ आणि हा दांडा म्हणजे चामडी. माती कोण लावणार?

बाई अशा हसल्या की मला न ऐकू येता पण समजलं. कागदावर लिहून दिलं: "दादाजी, आपकी मिट्टी हमारे पास है." कपाटातून रबराचा हातमोजा काढला, पाणी भरून दाखवला. बर्फाचं पाणी भरून हा चामडीवर ठेवतात. आणि नडगी असली की चामडी आणि हाडाच्या मधे सुईने थंड पाणी सोडतात, म्हणजे चामडी जराशी वर उचलली जाते. आठाचे तेरा-चौदा होतात. दर वेळी करतात म्हणे. तुझा ईमेल त्यांनी वाचला होता, आणि म्हणाल्या की ही मुलगी हुशार आहे, पण तिच्या कंप्युटरमध्ये हातमोजा नाहीये.

विभावरी, मी तीन महिने घाबरत होतो की हे लोक आगीशी खेळून राहिले आहेत आणि त्यांना आग माहीत नाही. माहीत आहे. माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. तिथेच सही केली. चिखल पण पुसून दिला.

बाहेर आल्यावर वसूला म्हटलं, बेटा, मी तुला नाटक म्हणालो होतो, मला माफ कर. रस्त्यावरच म्हटलं, मला वाटतं जरा जोरात, कारण मला माझा आवाज ऐकू येत नाही आणि चाटवाला वळून पाहत होता. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरापर्यंत दिली नाही.

तू हातमोजा घालून हिशेब पुन्हा कर.

काका


पुणे
५ डिसेंबर २०११

प्रिय काका,

हातमोजा घातला. मधे पाणी सोडलं. चामडी अडतीस अंश. गाठ तरीही पूर्ण मरते.

अडतीस! थोडी कणकण असल्यासारखं. मी खुर्चीवरून उठले आणि सरांना मिठीच मारणार होते, थोडक्यात वाचले.

सर म्हणतात, साडेतीन वर्षांत आपण बाहेरून थंड करण्याचा भाग नीट मांडलाच नव्हता, तो आता प्रबंधात नवं प्रकरण होईल. त्यात आभार मानायचे असतात. बळीराम उस्तादांचं पूर्ण नाव कळवा.

शनिवारी दिवसभर मी देवासमोर बसणार आहे. कुंकू कशालाही लावणार नाही, काकूंना सांगा.

तुमची,
विभावरी


घमापुर
१६ डिसेंबर २०११

चि. विभावरी,

पहिले तेच सांगतो जे तुला ऐकायचं आहे. झालं. चामडीवर डाग पण नाही. सुई गेली तिथे एक टिकलीएवढी पट्टी. रविवारी दुपारी वसू आपल्या पायांनी घरी आली, जिन्यावरून मला हात देत आली.

शनिवारी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. शैलेंद्र आणि सूनबाई आले होते, काकूच्या हातात जपमाळ. मी घड्याळ धरून होतो. आत कधी सुरू झालं ते माहीत नाही, तरी मी पाच वेळा सहा सहा मिनिटं मोजली. आयुष्यात इतके जॉब भट्टीत घातले, असा घाम कधी आला नव्हता. डॉक्टरांनी बाहेर येऊन अंगठा दाखवला तेव्हा मी पण अंगठा दाखवला, आणि मग रडलो. कंपाउंडर, तोच चिखलवाला, पाणी घेऊन आला.

रविवारी रात्री थोडं दुखलं, सुईचं असेल. सोमवारी कमी. मंगळवारी वसू सकाळी नऊपर्यंत झोपली. काकू दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना पाहून आली. मी म्हटलं झोपू दे. कॉलेज बुडालं, बुडू दे. हे मी म्हणालो, बरं का.

आता एक गोष्ट लिहितो, ती शैलेंद्रला पण सांगितली नाही.

मंगळवारी रात्री मी झोपलो, आणि काही तरी कमी वाटून राहिलं. कूस बदलली, पाणी प्यालो. मग समजलं, घण थांबला आहे. तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, रात्री अंगात धप् धप् होतं? नव्हतं. बुधवारी पण नव्हतं. काल पण नाही.

काल दुपारी वसू अंगणात उन्हाला बसली होती, मी पाटीवर लिहून विचारलं (बोललो तर गल्लीभर ऐकू जातं), रात्री भिंतीवर तू काही आपटायचीस का? माझी लोखंडी खाट भिंतीला टेकलेली, तिची त्याच भिंतीच्या पलीकडे. तिने वाचलं आणि चेहरा असा झाला, लहानपणी बरणीतला लाडू पकडला की व्हायचा तसा. मग पाटी घेऊन लिहिलं. तिला मराठी लिहायला कमीच जमतं, तुटकं लिहिते, तसंच देतो:

"रडले तर आजी उठते. तिला बीपी आहे. म्हणून रडायचं नाही ठरवलं. जास्त दुखलं की शाल हाताला गुंडाळून दीवारवर मुक्का मारायचे. आवाज नाही यायचा. तुमचीच दीवार घेतली, आजोबा, कारण तुम्हाला ऐकू येत नाही."

विभावरी, घरात दोन कान शाबूत असलेली काकू, तिला ऐकू आलं नाही. मला आलं. कित्येक महिने रोज रात्री माझ्या नातीने माझ्या उशाशी दार ठोठावलं आणि मी कारखाना आठवत पडलो होतो, आणि सकाळी उठून तिलाच नाटकी म्हणत होतो.

मी तिथेच अंगणात तिच्याजवळ खाली बसलो. वसू काय घाबरली! पाटी पुसून घाईघाईने लिहिलं, "अब तो ठीक है ना!!" खाली पाय काढला आणि पायाला हसरं तोंड. मग मला उभं करून म्हणाली चला, आणि फाटकापर्यंत पळून दाखवलं. डॉक्टरांनी महिनाभर पळू नको सांगितलं आहे. मी रागावलो. मनापासून नाही.

तुझं दुसरं चित्र, खऱ्या पायाचं, कमानिया गेटवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं. मोजून मगच लावलं. आठ मिलिमीटर बरोबर आहेत. चिवडा पाठवतो आहे, शंकरपाळे पण, काकूने डब्याच्या बाहेरून कुंकू लावलं आहे.

खाट मात्र मी भिंतीपासून हलवली नाही. काकू म्हणते गारठा लागेल. लागू दे. रात्री झोपण्याआधी भिंतीवर हात ठेवून पाहतो. गप्प आहे. मग झोपतो.

नऊ वर्षांपूर्वी कारखान्याने मला हार घालून घरी पाठवलं होतं, पण खरा रिटायर झालो तो या मंगळवारी.

तुझा,
श्रीपादकाका